खोली आहे, पैसे आहेत, मुले मात्र येत नाहीत

पत्र थोडक्यात असे आहे. लालबाग-परळ परिसरातील एका जुन्या मंडळाचे पस्तिशीतले कार्यवाह लिहितात की, मंडळाच्या तळमजल्यावरील खोलीत त्यांनी जूनपासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत ११ ते १७ वर्षांच्या मुलामुलींसाठी युवा गट सुरू केला. पहिल्या रविवारी ३२ मुले आली. चित्रकला स्पर्धा, प्रश्नमंजूषा, ओरिगामी, व्यक्तिमत्त्व विकासावर एक व्याख्यान असे कार्यक्रम झाले. गणेशोत्सव संपल्यावर गट पुन्हा भरला तेव्हा उपस्थिती ९ वर आली होती, आणि मुली तर चौथ्या आठवड्यापासूनच दिसेनाशा झाल्या होत्या. जी मुले येतात तीही कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतात. ‘हीच मुले गणपतीत मात्र सजावटीसाठी रात्र-रात्र जागतात,’ असे ते खेदाने नोंदवतात. उत्सवातून शिल्लक राहिलेल्या रकमेतून ६०,००० रुपये गटासाठी मिळाले आहेत. एका ज्येष्ठ सदस्याला त्यातून रोबोटिक्सचे संच घ्यायचे आहेत, काहींना कॅरमच्या स्पर्धा हव्या आहेत, पालक ‘याने मार्क वाढणार का?’ असे विचारतात, आणि गट बंदच करावा असेही काही जण म्हणू लागले आहेत. वर्षभर पुरतील असे हाताने करण्याचे उपक्रम सुचवावेत, म्हणजे मुले परत येतील, अशी त्यांची विनंती आहे.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले: हीच मुले गणपतीत रात्र-रात्र जागतात. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिले आहे, पण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला त्यातच सापडते. मुलांना चिकाटी उरलेली नाही, मोबाइलने त्यांचे लक्ष विस्कटून टाकले आहे, हे तुम्ही पत्रभर गृहीत धरले आहे. परंतु जो मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत पुठ्ठ्याचे खांब कापत बसतो, रंग वाळेपर्यंत पंख्यासमोर धरून उभा राहतो आणि सकाळी शाळेत जाण्यापूर्वी पुन्हा एकदा मंडपात डोकावून जातो, त्याच्याजवळ चिकाटी नाही असे म्हणता येईल का? मग रविवारी दहा वाजता तोच मुलगा कंटाळतो, तर ते का, हे आधी पाहायला हवे.

मंडपातल्या कामाला ठरलेली तारीख असते. ते काम सगळी वस्ती पाहणार असते. त्याने दोरीचे टोक धरले नाही तर चौकट खरोखरच उभी राहत नाही, आणि शेजारी एखादा काका असा असतो की ज्याला ते काम येते आणि जो बोलण्यापेक्षा करून दाखवतो. आता ओरिगामीचा पक्षी आठवून पाहा. तो सुंदर असतो, पण तो कोणालाही हवा नसतो, आणि सोमवारी खोली झाडताना कचऱ्यात जातो. अकरा वर्षांच्या मुलालाही हे कळते, सोळा वर्षांच्या मुलाला तर ते पहिल्या दहा मिनिटांत कळते. म्हणून ‘कोणते उपक्रम घ्यावेत’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून, ‘आमच्या इमारतीत आणि गल्लीत कोणते काम अडून राहिले आहे की जे ही मुले करू शकतील’ असा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारावा, असे मला मनापासून वाटते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. मुंबईतल्या एका शाळेत मी अनेक वर्षे कार्यानुभव हा विषय शिकवत होते. एका वर्षी शाळेच्या प्रदर्शनासाठी सातवीच्या मुलांनी आकाशकंदील केले. काही वाकडे होते, काहींचा कागद सुरकुतला होता. पाहुणे येणार म्हणून मी आदल्या संध्याकाळी शाळेत थांबून त्यांतले सात-आठ कंदील उसवले आणि पुन्हा नीट बांधले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आपल्या कंदिलासमोर बराच वेळ उभी राहिली, मग माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘बाई, हा माझा नाही,’ आणि तिने नावाची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्या वर्षी तिने पुढे कोणत्याही वस्तूवर आपले नाव लिहिले नाही. त्यानंतर मुलांच्या कामाला मी हात लावला नाही, आणि तुम्हीही लावू नये. वाकडा कंदील वाकडाच टांगला जाऊ द्यावा.

यावर कोणी म्हणेल की वस्तीची कामे मुलांकडून करून घेणे म्हणजे त्यांना राबवणे झाले. ही शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी दिले गेले आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे मुले शेती, सुतारकाम, वेल्डिंग, वीजकाम अशी अनेक कामे हाताने शिकतात, आणि शिकता शिकता गावाला लागणाऱ्या सेवा प्रत्यक्ष पुरवतात. ग्राहक समोर उभा असला की माप चुकून चालत नाही, आणि माप का चुकले याचा शोध घेताना गणित व विज्ञान आपोआप समोर येते. राबवणे आणि शिकवणे यांतला फरक मी असा ओळखते: काय करायचे, कसे करायचे आणि चुकले तर काय, हे ठरवण्यात मुलाचा वाटा असेल तर ते शिकणे असते, आणि त्याला नुसतेच ‘हे उचल, ते आण’ सांगितले तर ते राबवणे असते. तुमच्या मंडपात मुलांना यांतले काय वाट्याला येते, हेही एकदा प्रामाणिकपणे पाहा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. दिवाळीला काही आठवडे उरले आहेत, म्हणून सुरुवात कंदिलापासूनच करा. मात्र प्रत्येकाने घरी नेण्यासाठी एक कंदील, असे करू नका. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर एक, आणि ज्या घरात एकटे आजी-आजोबा राहतात त्या घराला एक, असे लक्ष्य ठेवा. किती लागतील हे मुलांनाच दारोदार फिरून मोजू द्या.

पारंपरिक कंदिलाची रचना मला फार आवडते, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. एका कंदिलाला बांबूच्या बारा इंचांच्या २४ कामट्या लागतात. चार-चार कामट्यांचे कोपरे दोऱ्याने आवळून ६ चौकोन करायचे. त्यांतले चार चौकोन टोकावर उभे धरून कोपऱ्याला कोपरा असे गोलाकार बांधायचे, एक वर आडवा आणि एक खाली आडवा बांधायचा. सगळे १२ सांधे जुळले की चौकोनांच्या मधोमध ८ त्रिकोण न बांधताच तयार होतात, आणि हे घडताना पाहून मुले नेहमी चकित होतात. वरचा व खालचा चौकोन मोकळा ठेवायचा, म्हणजे दिवा आत सोडता येतो आणि हवा खेळती राहते. चार चौकोन आणि आठ त्रिकोण यांनाच पतंगी कागद लागतो.

या सांगाड्यात शिकण्यासारखे इतके आहे की दोन रविवार सहज जातील. एखादी कामटी अर्धा इंच जरी आखूड झाली तरी सगळा सांगाडा कलतो आणि कागदाला सुरकुती पडते. मोजपट्टी नीट धरा असे वर्गात शंभर वेळा सांगून जे होत नाही ते या एका सुरकुतीने होते. कागद चिकटवण्याआधी सांगाडा हातात धरला तर तो डुगडुगतो. का डुगडुगतो, हे मुलांना विचारा आणि लगेच सांगू नका. तीन कामट्यांचा त्रिकोण आणि चार कामट्यांचा चौकोन त्यांच्या हातात द्या. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र तिरका होऊन कोलमडतो, हे त्यांचे त्यांनाच सापडेल. मग चौकोनात दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधला की काय होते तेही पाहू द्या. नववी-दहावीच्या मुलांना आणखी एक प्रश्न द्यावा: कामटी बारा इंचांची असताना तयार कंदिलाची उंची जवळजवळ १७ इंच का भरते? चौकोन टोकावर उभा आहे, म्हणजे उंची ही त्याच्या कर्णाची लांबी झाली, हे ज्या मुलाला सुचेल त्याला पायथागोरसचे प्रमेय पुन्हा पाठ करावे लागणार नाही.

काही बारकावे महत्त्वाचे आहेत. बांबू फोडण्याचे काम कोयत्याने होते आणि ते मुलांना देऊ नये, तयार कामट्या बुरुडकाम करणाऱ्यांकडून आणाव्यात, आणि शक्य असेल तर त्यांच्यापैकीच कोणाला मानधन देऊन एका रविवारी शिकवायला बोलवावे. कामटीचे कुसळ बोटात शिरते, म्हणून प्रत्येक कामटी आधी पॉलिश पेपरने घासून घ्यावी. कागद चिकटवण्याची खळ मैद्याची करावी. तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी असते आणि मुलांच्या हाताखाली ते असता कामा नये. ताजी खळ करून त्याच दिवशी संपवणे बरे. आतला दिवा एलईडीचाच असावा. होल्डर, वायर आणि पिन हे काम मंडळातल्या जाणकार वायरमनने करावे व मुलांनी शेजारी उभे राहून पाहावे. घरगुती विजेच्या जोडणीला मुलांनी हात लावायचा नाही, या नियमाला कोणत्याही सबबीने अपवाद करू नका.

धाकट्या मुलांना किल्ल्याची ओढ असणारच. त्यातही एक सुचवते. चित्रात पाहून रायगड करण्याऐवजी, यंदा एका रविवारी त्यांना शिवडीच्या किल्ल्यावर घेऊन जा. सतराव्या शतकात इंग्रजांनी बांधलेला हा किल्ला तुमच्या वस्तीपासून फार दूर नाही. तटबंदीची प्रत्येक बाजू पावलांनी मोजायची, वहीत कच्चा नकाशा काढायचा, आणि शंभर पावले म्हणजे एक मीटर असे प्रमाण धरून आवारात माती-दगडांचा किल्ला उभा करायचा. हळीव पेरले की चार-पाच दिवसांत हिरवळ येते, तो आनंद तर आहेच, पण ‘आपण मोजलेला किल्ला’ ही गोष्ट मुले वर्षानुवर्षे सांगत राहतात.

आता तुमच्या समितीपुढे असलेल्या पर्यायांविषयी. रोबोटिक्सच्या संचांना माझा तात्त्विक विरोध नाही. परंतु ६०,००० रुपयांत जे दोन-चार संच येतील त्यांच्याभोवती तीस मुले बसली की पाच जण हात लावतील आणि पंचवीस जण पाहत राहतील. शिवाय संच महाग असल्यामुळे तुम्ही स्वतःच ‘जपून, मोडेल’ असे म्हणत राहाल, आणि मोडण्याची भीती असलेल्या वस्तूवर कोणी काही शिकत नाही. ज्यांना त्यात रस आहे त्यांनी आधी एक बटण सेल, एक एलईडी आणि तांब्याची पट्टी यांपासून स्वतःचा विजेरी दिवा करावा; हे सामान लॅमिंग्टन रोडवर अगदी स्वस्तात मिळते. पाच-सहा महिन्यांनी त्या मुलांनी स्वतःहून ‘आता मोटर हवी’ असे म्हटले तर मोटर आणावी. पाबळच्या आश्रमातही फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, २००२ साली आली, म्हणजे हातांना जवळजवळ वीस वर्षे साध्या अवजारांची सवय झाल्यानंतर. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून, टाकाऊ वस्तूंची विज्ञान-खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी जे भूमितीचे आकार मुलांना करून दाखवले, त्यांचा खर्च चहाच्या एका कपाहून अधिक नव्हता, हेही त्या ज्येष्ठ सदस्यांना नम्रपणे सांगता येईल.

कॅरम अवश्य खेळा, पण शेवटच्या अर्ध्या तासात. स्पर्धा मात्र टाळा असे मी म्हणेन. तीस मुलांच्या स्पर्धेत एक जिंकतो आणि एकोणतीस हरतात, आणि जी मुले पुढच्या रविवारी येत नाहीत ती बहुतेक या एकोणतीसांतलीच असतात. तुमची चित्रकला स्पर्धा आणि प्रश्नमंजूषा यांनंतर उपस्थिती कशी बदलली, हे हजेरीच्या वहीत तपासून पाहा.

दिवाळीनंतरच्या महिन्यांसाठी मी सायकलदुरुस्ती सुचवते. इमारतीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेल्या सायकली प्रत्येक वस्तीत असतात. मालकांची परवानगी घेऊन त्यांतल्या दोन-तीन निवडाव्यात आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला मानधन देऊन गुरू म्हणून बोलवावे. कित्येक वर्षे पंक्चर काढणाऱ्या माणसाला मुलांसमोर ‘सर’ म्हणून उभे करण्यात एक वेगळे शिक्षण आहे, त्याविषयी व्याख्यान देण्याची गरज नाही. टायर पट्टीने टायर उचलणे, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरून बुडबुडे शोधणे, जागा कोरडी करून घासणे, सोल्युशन लावणे, ते किंचित चिकट होईपर्यंत थांबणे आणि मगच पॅच दाबणे, या क्रमात घाई केली की पॅच सुटतो. चिकाटी शिकवण्याचा याहून साधा धडा मला ठाऊक नाही. एकदा हात बसला की महिन्यातला एक रविवार वस्तीतल्या मुलांच्या सायकली तपासून देण्यासाठी ठेवता येईल.

दुसरे काम पुढच्या जूनसाठी राखून ठेवा, आणि ते पर्जन्यमापकाचे. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा, तळाच्या खोलगट भागात खडे टाकून त्यावर पाणी भरायचे, त्या पातळीला शून्य धरून मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. भिंतींपासून दूर, गच्चीवर मोकळ्या जागी ती पक्की बसवायची. गच्चीची किल्ली मात्र मोठ्या माणसाकडेच असावी आणि कठड्याजवळ कोणी जाऊ नये. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान विभाग मोजतो त्याच वेळी, आकडा वहीत लिहायचा आणि बाटली पुन्हा शून्यावर आणायची. कुलाबा आणि सांताक्रूझ या वेधशाळांचे आकडे शेजारच्या रकान्यात लिहायचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता. मग मधल्या परळचा पाऊस कोणी मोजायचा, असा प्रश्न मुलांपुढे ठेवला की त्यांना आपल्या बाटलीचे महत्त्व कळते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमची गच्ची २०० चौरस मीटर असेल आणि दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर १०,००० लिटर पाणी गटारात गेले. हा हिशेब मुलांनी फळ्यावर लिहून जिन्यापाशी लावला तर सोसायटीच्या सभेत त्याची चर्चा झाल्याशिवाय राहणार नाही. पाळी लावून चार महिने न चुकता नोंद ठेवणे अवघड आहे, आणि मधले काही दिवस चुकतीलच. चुकलेल्या दिवशी अंदाजाने आकडा न लिहिता रकाना कोरा ठेवायचा, एवढे मात्र शिकवा.

मोबाइलविषयी. तो दाराशी जमा करून घेण्याचा विचार तुमच्या पत्रात डोकावतो. माझा अनुभव असा की हात गुंतले की मोबाइल खिशातच राहतो, आणि गुंतले नाहीत तर जमा करून घेतलेल्या मोबाइलची आठवण मुलांना अधिकच येते. त्यापेक्षा त्याला काम द्या. तुम्ही ज्या भागात राहता तो गिरणगावचा गाभा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते, आणि त्यांतले जे तेव्हा पंचविशीत होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. साचेखात्यात, म्हणजे गिरणीतल्या कापड विणण्याच्या विभागात, काम कसे चालत असे, भोंगा किती वाजता होई, खानावळी कोण चालवत असे, एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत किती जण झोपत, हे विचारायला ही मुले दोघा-दोघांच्या जोडीने आपल्याच आजोबांकडे आणि शेजारच्या आजींकडे गेली, संमती घेऊन त्यांचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला आणि त्यातून दर महिन्याला एक भित्तिपत्रक लिहिले, तर ते हाताचेही काम आहे आणि कानाचेही. भायखळ्याचे १८७२ साली सुरू झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याआधी एकदा जरूर दाखवा. मुंबईतल्या माणसांच्या आणि त्यांच्या व्यवसायांच्या मातीच्या प्रतिकृती तेथे आहेत. त्या पाहून आलेल्या मुलांना साचेखात्याची प्रतिकृती करावीशी वाटली तर धारावीच्या कुंभारवाड्यातून माती आणता येईल.

मुलींविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, ‘त्यांना फारसा रस नसावा.’ येथे मी तुम्हाला थोडे अडवते. चौथ्या आठवड्यापर्यंत त्या येत होत्या, म्हणजे रस होता. रविवारी सकाळी दहा ते बारा ही वेळ अनेक घरांत स्वयंपाक, कपडे आणि आठवड्याची साफसफाई यांची असते, आणि ते काम भावाच्या वाट्याला येत नाही. खोलीजवळ त्यांना वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का? दाराशी मोठी मुले घोळका करून उभी असतात का? शिकवणाऱ्यांत एकही स्त्री नाही, हे तर पत्रावरूनच दिसते. आणि त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात काय दिले गेले होते, रांगोळीचा डबा की करवत? ही विचारपूस तुम्ही स्वतः न करता वस्तीतल्या एखाद्या विश्वासू ताईला करू द्या, आणि उत्तर काहीही आले तरी वेळ बदलण्याची तयारी ठेवा. शनिवारी संध्याकाळी चार ते सहा ही वेळ अनेक ठिकाणी सोयीची पडते. अवजारे कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर हातोडी आपोआप सर्वांत उंच मुलाच्या हातात जाते.

याच ओघात सुरक्षेचे सांगते. खोलीत नेहमी किमान दोन प्रौढ असावेत आणि त्यांतली एक स्त्री असावी, दार उघडे असावे, कोणताही प्रौढ एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबू नये, आणि पालकांची लेखी संमती व संपर्क क्रमांक वहीत असावेत. हा नियम सर्वांना लागू आहे, तुम्हालाही. त्यात कोणावर अविश्वास नाही, आणि ज्याला तो खटकेल त्याला गटाचे काम देऊ नका.

पैशांचे म्हणाल तर ६०,०००पैकी दहा-बारा हजार रुपयांत चांगली अवजारे येतील असा माझा अंदाज आहे: हातोड्या, पकडी, पाने, स्क्रू ड्रायव्हर, दोन लहान करवती, हँड ड्रिल, गुण्या, ओळंबा, पाणसळ, मोजपट्ट्या, डोळ्यांवर लावायचे संरक्षक चष्मे आणि भरलेली प्रथमोपचार पेटी. स्वस्तातली अवजारे घेऊ नका, बोथट करवत धारदार करवतीपेक्षा जास्त घसरते. एका प्लायवुडच्या फळ्यावर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा रंगवून ते तेथेच टांगा, म्हणजे निघताना काय परत आले नाही ते सर्वांना दिसते. या फळ्याची आणि जमाखर्चाच्या वहीची जबाबदारी पंधरा-सोळा वर्षांच्या दोन मुलांकडे द्या. त्या वयाची मुले लहानांबरोबर बसायला संकोचतात, पण कारभारी म्हणून आनंदाने येतात. उरलेली रक्कम लगेच खर्च करू नका. थोडी कारागिरांच्या मानधनासाठी बाजूला काढा, आणि बाकीच्या रकमेचे काय करायचे ते मुलांना मार्चमध्ये ठरवू द्या.

पालकांना मार्कांचे वचन देऊ नका, कारण ते आपल्या हातात नाही. त्यांना खोलीत बोलवा, आपल्या मुलीने ड्रिल कसे धरले आहे ते पाहू द्या, आणि ज्या वडिलांना सुतारकाम किंवा ज्या आईला शिवणकाम येते त्यांना एका रविवारी शिकवायची विनंती करा. तुमच्या मंडळात कौशल्य नाही असे तुम्ही लिहिता, ते मला पटत नाही. दरवर्षी एवढी सजावट उभी राहते, म्हणजे रंगारी, सुतार, वायरमन, शिंपी हे सगळे तुमच्याच इमारतीत राहतात. मंडप उतरला की आपणच त्यांना अकरा महिने विसरतो.

गट बंद करण्याचा निर्णय निदान दिवाळी संपेपर्यंत पुढे ढकला. येत्या रविवारी नऊच मुले येतील असे धरून तयारी करा. तीन-तीन जणांच्या तीन तुकड्या पाडा, प्रत्येक तुकडीला दीडपट, म्हणजे ३६ कामट्या द्या, कारण काही मोडतील आणि काही आखूड कापल्या जातील. पहिले तीन कंदील कोणाच्या दारात लागणार आहेत ते कामाला बसण्यापूर्वी ठरवून फळ्यावर लिहून ठेवा. दार उघडे असेलच. बाहेरून कोणी डोकावले तर त्याचे नाव-गाव विचारत बसू नका, त्याला आत बोलवून दोऱ्याचे एक टोक धरायला सांगा. चौकोनाचा शेवटचा कोपरा आवळताना दोघांचे हात पुरत नाहीत.